सुभेदाराचं घर

(एपिसोडचं लिखित रूप. बोलताना झालेले ‘अं’ आणि ‘म्हणजे’ शक्य तितके काढलेत, उरलेले माझेच आहेत.)

आज पाहुणं कोणी नाही, मी एकटाच बोलणार आहे. घरातलीच गोष्ट आहे, आणि ती सांगायची की नाही यावर आमच्या घरात दोन महिने अबोला झाला होता. आता परवानगी मिळालीय, म्हणून सांगतो.

आमचं गाव कोरेगाव तालुक्यातलं. तिथं उतरून माझ्या बाबांचं नाव सांगितलंत तर कोणी ओळखणार नाही. ‘सुभेदाराचं घर’ म्हणा, एसटी स्टँडवरचा कोणीही दारापर्यंत सोडून जाईल. हा सुभेदार म्हणजे माझा पणजोबा. पहिल्या महायुद्धात तो इराकात गेला होता. आमच्याकडे महायुद्ध वगैरे कोणी म्हणत नाही, ‘बसऱ्याची लढाई’ म्हणतात. तो गेला, बरीच वर्षं पत्ता नव्हता, घरच्यांनी तेरावंसुद्धा उरकलं आणि मग एक दिवस तो दारात उभा राहिला. एवढी गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलोय. त्यात सुभेदारकी, तलवार, गोऱ्या साहेबाचा वाचवलेला जीव, हे सगळं दर वर्षी जत्रेला थोडं थोडं वाढत गेलं.

माझे थोरले काका, त्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, स्वतः मराठा लाईट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून रिटायर झाले. आल्या आल्या त्यांनी फाटकावर संगमरवरी पाटी लावली, ‘सुभेदार निवास’.

मी शोध सुरू केला तो काही फार उदात्त कारणानं नाही. आज्जीची ट्रंक आवरताना फडक्यात गुंडाळलेलं एक मेडल सापडलं. काळपट, तांब्याच्या रंगाचं. एका बाजूला पंचम जॉर्जचा चेहरा, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला उघडा माणूस, आणि १९१४, १९१८ ही सालं. बाबा म्हणाले, खरं मेडल चांदीचं होतं, ते ७२ च्या दुष्काळात मोडलं, हे डुप्लिकेट आहे.

इथं जरा थांबतो, कारण तुमच्यापैकी कोणाच्या घरी असं मेडल असेल तर हे कामाचं आहे. पहिल्या महायुद्धाच्या मेडलची कड बघा. कड म्हणजे नाण्याची जाडी असते ना, ती. त्यावर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरात ठोकलेली असते. आणि कृपा करून ते चिंचेनं घासू नका. ब्रासो तर नाहीच नाही. चकाकी येते, पण अक्षरं झिजतात. अंधाऱ्या खोलीत मोबाईलचा टॉर्च तिरका धरायचा आणि कड फिरवत फिरवत फोटो काढायचे. मी अकरा फोटो काढले, मग अक्षरं जुळली. पणजोबाचं नाव, त्याच्या वडिलांचं नाव (आडनाव नाही, त्या काळात बऱ्याचदा नसायचंच) आणि ‘११७ मराठाज’. आणि हुद्द्याच्या जागी, इंग्रजीत, चार अक्षरं. कुक.

मी ते परत वाचलं. मग झूम करून परत.

कुक म्हणजे स्वयंपाकी. पलटणीच्या भाषेत लांगरी. मग मेडलबद्दल वाचायला लागलो तेव्हा दुसरी गोष्ट कळली. त्या ब्रिटिश वॉर मेडलचे दोन प्रकार होते. लढणाऱ्यांना चांदीचं, अशी साधारण ६५ लाख मेडलं निघाली. आणि जे ‘फॉलोअर’, म्हणजे स्वयंपाकी, भिस्ती, मोतद्दार, हमाल, मजूर, त्यांना ब्राँझचं. ती लाखभरच. म्हणजे चांदीचं मेडल दुष्काळात मोडलं नव्हतं. चांदीचं मेडल कधी नव्हतंच. हेच खरं होतं.

खरं सांगतो, मला वाईट वाटलं. आणि वाईट वाटलं याची लाजही वाटली. मी हॉटेल मॅनेजमेंट केलेला माणूस, आणि पणजोबा स्वयंपाकी निघाला म्हणून माझं तोंड उतरलं!

पण मग खाज सुटेना. हा माणूस नेमका कुठं होता?

११७ मराठाज ही पलटण सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये होती. १०३ आणि ११० या आणखी दोन मराठा पलटणीही त्याच डिव्हिजनमध्ये. ही डिव्हिजन जनरल टाउनशेंडच्या हाताखाली टायग्रिस नदीच्या काठाकाठानं बगदादकडे निघाली, नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफॉनला तिला मोठी हानी सोसावी लागली आणि ती मागे हटून कूत नावाच्या गावात आली. नदीचं वळण, तीन बाजूंनी पाणी. ७ डिसेंबर १९१५ ला तुर्कांनी वेढा टाकला. २९ एप्रिल १९१६ ला टाउनशेंड शरण गेला. तेरा हजारांच्या आसपास माणसं कैद झाली, त्यात तीन हजारांहून जास्त नुसते फॉलोअर.

आता, मेडलवर ११७ लिहिलंय म्हणून पणजोबा कूतमध्येच होता असं होत नाही. मी आधी तसं धरून चाललो होतो आणि चुकलो. कूतमध्ये संपलेल्या पलटणी नंतर नव्यानं उभ्या केल्या गेल्या, नवीन माणसं भरून. तो त्या नव्या पलटणीतलाही असू शकतो. मेडल दोघांना सारखंच.

मग मी काय काय चाळलं ते पटकन सांगतो. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची साईट फुकट आहे, चांगली आहे, पण ती मेलेल्यांची यादी. आमचा माणूस परत आला होता. (हसतो.) तरी तिथं एक गोष्ट कळली ती विसरता येत नाही. इराकात बसऱ्याला चाळीस हजारांवर लोकांचं स्मारक आहे. त्यावर ब्रिटिश शिपायाचं नाव कोरलंय. भारतीयांपैकी अधिकाऱ्यांची नावं आहेत, साध्या शिपायांचा पलटणीपुढे फक्त आकडा. २०२१ मध्ये कमिशननं स्वतःच अहवाल काढून या असमान वागणुकीची कबुली दिली आणि माफी मागितली. मेलेल्या शिपायाला नाव नाही, तर जिवंत लांगऱ्याला कोण विचारतंय!

पंजाबवाल्यांचं नशीब बरं. त्यांच्याकडे युद्धानंतर गावोगावच्या सैनिकांची रजिस्टरं केली होती, ती लाहोरच्या संग्रहालयात राहिली, आता काही जिल्ह्यांची ऑनलाइन बघता येतात. आपल्याकडे तुम्हाला सापडेल ती गावच्या चावडीवरची किंवा देवळातली संगमरवरी पाटी, इतके गेले, इतके परत आले नाहीत. आमच्याच जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरी गाव आहे, पहिल्या महायुद्धात तिथले ४६ जण कामी आले. अशी पाटी तुमच्या गावात असेल तर तिच्यावर ऑइलपेंट मारण्याआधी फोटो काढून ठेवा. पलटणींच्या वॉर डायऱ्या लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत, शोधताना ‘मराठा’चं स्पेलिंग जुन्या पद्धतीचं, मधे एच घालून टाका, नाहीतर काही मिळत नाही. भारत सरकारचं अभिलेख पटल पोर्टलही बघा. आणि आजोबा स्वातंत्र्यानंतरच्या फौजेत असतील तर हा सगळा द्राविडी प्राणायाम नको, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसला कसं लिहायचं ते तिथं सांगतात.

मला धागा मिळाला तो मात्र यातल्या कशातच नाही. तो मिळाला कोतवाल बुकात. कुणबी दाखल्यांच्या गडबडीत हे नाव तुम्ही ऐकलं असेल. गावातल्या जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही, बरीचशी मोडीत. एका मोडी वाचणाऱ्या गुरुजींना घेऊन बसलो. पणजोबाची पहिली मुलगी, १९१३. त्यानंतरचं मूल म्हणजे माझे आजोबा, १९२०. मध्ये सात वर्षं काही नाही. आजोबांच्या पाठीवर मात्र दर दोन-अडीच वर्षांनी एक. गुरुजींनी चष्मा काढला आणि म्हणाले, “हा मनुष्य एकदाही रजेवर आलेला दिसत नाही.” कैदी रजेवर येत नाही. हा पुरावा नाही, मला कळतं. पण तेराव्याच्या गोष्टीशी तो जुळतो.

मग मी आज्जीकडे गेलो. आज्जी नव्वदीची आहे, तिनं सासऱ्याला दहा वर्षं पाहिलंय. मी आधी मेडलबद्दल बोललोच नाही. म्हटलं, “आज्जे, पणजोबा कसा होता गं?”

“मामंजी व्हय? लई शिस्तीचं. जात्याभवती पीठ सांडल्यालं दिसलं की बोटानं गोळा करायचं. एक चिमूट जाऊ द्यायचं न्हाईत. आन् सुभेदार आसून चुलीम्होरं बसायची भारी हौस. जत्रंला शंभर मानसाचं कालवण एकलं काढायचं. बायांस्नी हात लावू द्यायचं न्हाईत.”

मी गप्प बसलो. ही गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना माहीत होती. साठ वर्षं आम्ही ती ‘सुभेदाराची हौस’ म्हणून सांगत होतो.

“आनि टांग्यात कधी बसलं न्हाईत. कोरेगावला चालत जायाचं. म्हनायचं, घोड्याम्होरं मला तोंड न्हाई.”

आता कूतबद्दल मी जे वाचलं होतं ते तुम्हाला सांगतो. वेढ्यात धान्य संपत आलं. शेवटच्या आठवड्यांत हिंदुस्थानी शिपायाला दिवसाला दीडशे ग्रॅमहूनही कमी पीठ मिळायचं. विमानातून पोती टाकली, त्यातली काही नदीत पडली. २४ एप्रिलला ‘जुलनार’ नावाची बोट २७० टन धान्य घेऊन रात्री यायला निघाली, ती तुर्कांनी अडवली. घोडे आणि खेचरं मारून मांस वाटायला सुरुवात झाली होती, पण बहुतेक हिंदुस्थानी शिपाई ते खायला तयार नव्हते. घरी कळलं तर जातीबाहेर टाकतील. टाउनशेंडनं इकडच्या धर्मगुरूंकडून परवानगीचे निरोप मागवले, तरी कित्येक आठवडे नकारच. एप्रिलमध्ये माणसं पडायला लागली तेव्हा खायला लागली.

कोणीतरी ते शिजवलं असणार ना.

तो पणजोबाच होता असं मी म्हणत नाही. त्यानं कोणाला काय सांगून वाढलं, स्वतः खाल्लं का, कुठं लिहिलेलं नाही. आज्जीचं ते एक वाक्य आहे, बस्स.

अण्णांना सांगायची जबाबदारी अर्थात माझ्यावर आली. फोटो दाखवला. त्यांनी मोबाईल लांब धरून वाचला आणि म्हणाले, “हे दुसऱ्या कोणाचं आहे.” मी म्हटलं, “अण्णा, नाव बघा, वडिलांचं नाव बघा.” ते उठून गोठ्याकडे निघून गेले. पुढचे दोन महिने माझा फोन उचलला नाही. बाबा मला म्हणाले, काय गरज होती? मलाही दोन-तीनदा तसं वाटलं. पण एक गोष्ट मला खटकत राहिली. सुभेदार म्हणून आम्ही ज्याचा अभिमान बाळगला तो माणूस कधी नव्हताच. जो होता, त्याचं आम्ही नाव घेत नव्हतो.

मग एका रात्री साडेदहाला अण्णांचा फोन. नमस्कार नाही, काही नाही. “वेढा किती दिवस होता म्हणालास?”

“पाच महिने व्हायला आले होते.”

“आणि पीठ किती?”

सांगितलं. बराच वेळ आवाज नाही. मग म्हणाले, “अरे, आमच्या कंपनीत बर्फात दोन दिवस रसद आली नव्हती, तेव्हा लांगऱ्यानं काय केलं ते मला ठाऊक आहे. अफसर बंकरमध्ये होते. तो बाहेर होता.”

आणि फोन ठेवला.

यंदा जत्रेला गेलो तर ओसरीत मेडल फ्रेम करून लावलेलं. खाली पेंटरकडून लिहून घेतलंय, पणजोबाचं नाव, मग ‘लांगरी, ११७ मराठा पलटण’, आणि त्याखाली ‘कूत’. मी म्हटलं, “अण्णा, कूतचं अजून पक्कं नाही.” तर म्हणाले, “मग तू कंसात ‘बहुतेक’ लिही. खडूनं.” लिहिलं. खडूनंच.

फाटकावरची पाटी मात्र आहे तशीच आहे. पोस्टमनची पंचाईत होते, म्हणाले.