शाळेचा आराखडा आणि कोयत्याचा हंगाम



कायदा म्हटला की आपण म्हणतो, ते मुंबई-दिल्लीचे काम. पण वाडीवरच्या शाळेचे तसे नाही.

१९४८ पर्यंत आपला बीड जिल्हा निजामाच्या राज्यात होता. शाळेचे सारे वरून ठरे, आणि वरच्या वर्गांत उर्दूतून शिकावे लागे. १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शाळांचा कारभार जिल्ह्याच्या गावी आला. पुढे १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला, आणि तो कारभार थेट गावात उतरला. कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश आईबाप, आणि निम्म्या जागा बायांच्या. कलम २२ म्हणते, समितीने शाळेचा विकास आराखडा करावा आणि सरकारी अनुदानाला तोच आधार धरावा. आधार, बरे का! नुसता 'विचारात घ्यावा' असे नव्हे.

आता आपल्याकडची गत बघा. पाटोदा, शिरूर, धारूरकडची माणसे दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल फेडायला कोयता घेऊन निघतात. कोणी सांगली-कोल्हापूरला, कोणी कर्नाटकात. आराखड्याची घाई असते ती मार्चअखेरच्या आत. आणि तेव्हा समितीतले आईबाप उसाच्या फडात, कोपीवर! मग कागद कोण भरणार? एकटे गुरुजी. त्यांना मी बोल लावीत नाही. ते बिचारे दुसरे काय करतील? मागे राहिलेल्या पोरांच्या हंगामी वसतिगृहाचेही तेच. त्याची मंजुरी दिवाळीनंतर आली, तर पोर आईच्या मागोमाग गेलेले असते.

एवढ्याशा हक्काचे काय मोठेसे, असे कोणी म्हणेल. पण २०१२ ची दुरुस्ती आठवा. अनुदानित आणि अल्पसंख्याकांच्या शाळांतील समित्या एका ओळीने 'केवळ सल्लागार' झाल्या, आणि आराखड्याचे कामही त्यांच्याकडून गेले. सरकारी शाळा तेवढ्या त्यातून सुटल्या. पुढे सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचे प्रस्ताव मागवले गेले. तांड्यावरच्या सहा वर्षांच्या पोरीने किती चालायचे, हे तांड्यालाच ठाऊक ना?

म्हणून उद्या कुठलाही नवा मसुदा निघाला, की गुरुजींनी आधी कलम २१ आणि २२ चे काय केले आहे ते ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावे. 'आधार' शब्द राहिला का, 'सल्लागार' शब्द शिरला का, एवढे तरी बघावे. हरकत घ्यायची ती मुदतीत, लेखी घ्यावी.

आणि आराखड्याची बैठक पोळ्याच्या आसपास उरकावी. तेव्हा माणसे घरी असतात. आयांनाही बोलावून बसवा, ज्याला सही येत नाही त्याचा अंगठा घ्या, आणि एक प्रत पंचायत समितीत देऊन तारखेची पोच घेऊन ठेवा.