आमची पद्मिनी चालू कशी झाली
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनाला मी आत वाटली डाळ करीत असते, व्यासपीठावर नसते. यंदा चिटणीसबाईंनी हुकूमच सोडला, "तुम्ही ती गाडी चालू केलीत, त्यावर बोला." माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. चुकले तर सांभाळून घ्या.

आमच्या आवारात उभी असलेली प्रीमियर पद्मिनी तुम्ही पाहिली आहेच. तिच्या टपावर पापड वाळताना पाहिले असतील तर ते माझेच. गाडी १९९० सालची. मामंजी ठाण्याला एका कारखान्यात फिटर होते. २००३ साली निवृत्त झाले आणि फंडाच्या पैशातून त्यांनी ती जुनीच विकत घेतली. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ह्या गाड्या होत. आधी तिला फियाट म्हणत, पद्मिनी हे नाव १९७४ पासूनचे. मुंबईतल्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सीचा शेवटचा दिवस २९ ऑक्टोबर २०२३ हा होता. त्या दिवशी मामंजींनी बातम्या तीनदा ऐकल्या.

आता अडचण काय झाली ते सांगते. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी नवी करावी लागते, आणि त्यानंतर दर ५ वर्षांनी. आमची तारीख होती ऑक्टोबर २०२५. पावसाळाभर गाडी ताडपत्रीखाली होती. ताडपत्री काढली, स्टार्टर मारला, इंजिन फिरे पण पेट घेईना. यजमान म्हणाले, "पुरे झाले आता, भंगारात देऊ." भंगारवाला येऊन बघूनही गेला, रविवारी येतो म्हणाला. मामंजी ऐंशीचे, मधुमेहाने डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. ते काही बोलले नाहीत. फक्त जेवताना दुसरी पोळी घेईनासे झाले.

मेकॅनिक आणला. त्याने वरून दोन थेंब पेट्रोल सोडले. गाडी क्षणभर घुरघुरली आणि गप्प झाली. तो म्हणाला, "कार्बोरेटर गेला." नव्याची किंमत ऐकून यजमान लोकल पकडायला निघून गेले.

दुपारी भांडी आवरल्यावर मामंजी म्हणाले, "सूनबाई, खाली खुर्ची नेतेस का? घुरघुरली म्हणजे ठिणगी आहे. पेट्रोल कुठे अडते एवढेच बघायचे. तू बघ, मी सांगतो."

मी म्हटले, "अहो, मला त्यातले काय कळणार?"

"स्टोव्ह कळतो ना? मग कळेल."

आणि खरोखर तसेच निघाले. पेट्रोलची टाकी मागे, इंजिन पुढे. टाकीतून नळी येते, इंजिनाला लावलेला पंप पेट्रोल ओढतो आणि वर कार्बोरेटरमध्ये ढकलतो. कार्बोरेटर म्हणजे स्टोव्हचा बर्नरच समजा. तिथे बारीक छिद्रातून पेट्रोल येऊन हवेत मिसळते. त्यात एक वाटी असते आणि वाटीत तरंगता गोळा, आपल्या संडासाच्या टाकीत असतो तसा. वाटी भरली की गोळा वर येऊन सुई पेट्रोल बंद करते. स्टोव्हला आपण पिन मारतो, इथे मात्र पिन मारायची नाही, हे त्यांनी बजावले. छिद्र केसभर मोठे झाले तरी गाडी पेट्रोल पिऊ लागते. हवा मारून साफ करायचे.

सुरुवातीलाच त्यांनी देव्हाऱ्यातली उदबत्ती विझली का विचारले. वाळूची बादली शेजारी ठेवविली. नळीला तोंड लावून पेट्रोल ओढायचे नाही अशी शपथ घातली. पोटात किंवा छातीत गेले तर जिवावर बेतते.

पहिली तपासणी टाकीची. काटा अर्धी टाकी दाखवी, पण काट्यावर त्यांचा विश्वास नाही. झाकण काढून गाडी हलवली, आत डुचमळले. झाकणाला हवेचे छिद्र असते, ते बुजले तर गाडी थोडी चालून बंद पडते आणि झाकण उघडताना सुस्कारा येतो. तसा आला नाही.

मग हवेची जाळी काढून मी कार्बोरेटरच्या नरड्यात डोकावले आणि हाताने अॅक्सिलरेटरची दांडी ओढली. बारीक पिचकारी उडायला हवी होती. कोरडे ठणठणीत! म्हणजे वाटीच रिकामी. आता तिथून मागे मागे जायचे.

कार्बोरेटरला येणारी नळी सोडवून पत्र्याच्या डब्यात धरली. ठिणगी पडू नये म्हणून कॉइलची बारीक वायर आधीच काढली होती. धाकट्या लेकीने स्टार्टर मारला. डब्यात थेंब नाही. म्हणजे बिचारा कार्बोरेटर निर्दोष! त्याला कोणी वाढलेच नव्हते, तो जेवणार काय?

मला वाटले पंप बिघडला. मामंजी म्हणाले, "थांब, पंपावरही उगाच आळ नको." टाकीकडून पंपाला येणारी नळी सोडवली, तिच्या जागी दुसरा नळीचा तुकडा लावून त्याचे टोक स्वच्छ पेट्रोलच्या बाटलीत बुडवले. लेकीने पुन्हा स्टार्टर मारला आणि डब्यात चुळकाचुळकाने पेट्रोल पडू लागले. पंपही चांगला. दोष आता त्याच्या मागे.

तिथे रबरी नळी होती. वरून पाहिले, काही नाही. खाली थेंबही गळलेला नाही. मामंजींनी ती हातात मागितली आणि बोटांनी वाकवली. वाकवल्याबरोबर खालच्या अंगाला भेगा उघडल्या, आपल्या थंडीतल्या टाचांना पडतात तशा. ओढणाऱ्या बाजूची नळी फाटली की पेट्रोल बाहेर गळतेच असे नाही, हवाच आत येते. पंप नुसता वारा ओढत बसतो. म्हणून मेकॅनिकला दिसले नसावे. ज्यांना दिसत नाही त्यांच्या बोटांना दिसले.

अलीकडे पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते. जुन्या काळच्या रबराला ते सोसत नाही, शिवाय ते हवेतले पाणी ओढून घेते. त्यामुळे गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवणे वाईट. कल्याणहून इथेनॉल सोसणारी नळी आणि दोन क्लिपा आणल्या. मेकॅनिकच्या आकड्यापुढे हा खर्च भाजीच्या पिशवीइतका. पंपाखालची दांडी हाताने तीसचाळीस वेळा दाबून वाटी भरली, चोक ओढला, आणि दुसऱ्या फेरीला गाडी चालू झाली. मामंजी खुर्चीतून उठले आणि बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. आधी बोलले ते हेच, "चोक आत ढकल, धूर होतोय."

रविवारी भंगारवाला आला, त्याला चहा देऊन परत पाठवले. पासिंग झाले. आता दर रविवारी यजमान मामंजींना घेऊन घरडा सर्कलपर्यंत फेरी मारतात.

ज्यांच्या दारी जुनी स्कूटर उभी आहे त्यांनी तिची नळी एकदा वाकवून बघावी. घरी गॅस पेटलेला नाही ना ते आधी पाहून घ्यावे, आणि तशा भेगा असतील तर मला हाक मारावी. दुपारी तीननंतर मी मोकळी असते.