काठीच्या होळीतली बालवाडी



घरात तीन ते सहा वर्षांचं मूल आहे अशा आई-वडिलांशी, आजी-आजोबांशी आणि अंगणवाडीच्या ताईंशी आज मला बोलायचं आहे. निमित्त होळीचं आहे. फाल्गुनी पौर्णिमा तोंडावर आली आहे आणि नंदुरबार जिल्ह्यात, अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावी राजवाडी होळीची तयारी चालू आहे. ही होळी १२४६ सालापासूनची आहे असं सांगतात. सातपुड्याच्या पाड्यापाड्यांवरून माणसं पायी, जीपनं, मिळेल त्या गाडीनं काठीला पोचतात. रात्रभर ढोल वाजतो, रात्रभर नाच चालतो आणि पहाटे होळी पेटते.

बाहेरच्या लोकांना ही होळी वर्तमानपत्रातल्या फोटोंवरून ठाऊक असते. अंगभर राखेचे नि तांदळाच्या पिठाचे ठिपके काढून नाचणारे बुध्या, डोक्यावर बांबूचे, मोरपिसं खोचलेले उंच टोप, कमरेला मोठाले घुंगरू आणि वाळलेल्या दुधी भोपळ्यांच्या माळा. मधोमध जंगलातून वाजतगाजत आणलेला उंचच उंच बांबू. मी लहान मुलांच्या शिक्षणाचं काम करते. ही सगळी सामग्री पाहिली की मला वाटतं, महिनाभर पुरेल एवढी बालवाडी इथे घराघरांत मांडून ठेवलेली आहे. तिच्यात मुलांना शिरू द्यायचं, एवढंच मोठ्यांचं काम.

शहरांत हल्ली ‘थीम’ हा शब्द चांगलाच रुळला आहे. या आठवड्याची थीम समुद्र, पुढच्या आठवड्याची अंतराळ. त्यांचे तयार संच विकत मिळतात. मासा आधीच कापलेला, त्याचा डोळा आधीच छापलेला. मुलानं चिकटवायचा आणि आईनं फोटो काढायचा. एक विषय धरून त्याच्याभोवती खेळ, गाणी, हस्तकला गुंफायची ही कल्पना मात्र उत्तम आहे आणि आपल्याकडे ती जुनीही आहे. लहान मूल विषयांचे कप्पे करत नाही. त्याला भोपळा दिसतो. गणित, भाषा आणि विज्ञान त्या भोपळ्यातच असतात. पण तो भोपळा त्याच्या हातात तरी असायला हवा. ज्यानं समुद्र पाहिलेला नाही त्याला कागदी मासा चिकटवायला देण्याआधी त्याच्या अंगणात काय पडलं आहे ते पाहावं, असं मला मनापासून वाटतं.

हे आपल्याला शिकवून गेल्या त्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. ताराबाई भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात काम करून आलेल्या. माँटेसोरींची पद्धत त्यांनी नीट अभ्यासली होती आणि तिची साधनं गरिबाला परवडणारी नाहीत हेही त्यांना दिसत होतं. १९४५ साली त्यांनी बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई त्यांना तिथेच येऊन मिळाल्या आणि १९५७ मध्ये काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथल्या वारली मुलांसाठी साधनं काय, तर बिया, शिंपले, खडे, पानं, फुलं, काड्या. मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडी पाड्यावर, त्यांच्या अंगणात गेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली, म्हणजे जिथे गुरं तिथे शाळा. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशभराची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि गावोगावच्या केंद्रांना अंगणवाडी म्हणू लागले.

आता होळीकडे येऊ.

कमरेला बांधायचे भोपळे घरात टांगलेले असतात. त्यातला एखादा तडकलेला, बाजूला पडलेला भोपळा मुलाच्या हातात द्या. काही सांगू नका. मूल तो हलवेल, कानाशी नेईल, पुन्हा हलवेल. आत काय वाजतंय, असं मग विचारा. उत्तराची घाई करू नका. दोन दिवस तो भोपळा नुसता वाजू द्या, ढोलाच्या ठेक्यावर वाजू द्या. तिसऱ्या दिवशी तो फोडा आणि बिया सुपात ओता. मूल त्या आपल्या मनानं लावू लागतं. मोठ्या इकडे, बारीक तिकडे, फुटक्या बाहेर. हीच वर्गवारी. मग पाच बिया एका मुठीत, दोन दुसऱ्या मुठीत, जास्त कुठे? तीन-चार वर्षांच्या मुलाला शंभरापर्यंतचे आकडे घोकण्यापेक्षा हे ‘जास्त-कमी’ फार मोलाचं आहे, कारण पुढचं सगळं गणित त्यावर उभं राहतं. चार बिया पुडीत बांधून ठेवा. पाऊस पडला की मुलाच्याच हातानं कुडाशेजारी लावा. वेल छपरावर चढेल. भोपळे धरतील, वाळतील आणि पुढच्या होळीला ते घरातल्याच कुणाच्या तरी कमरेला वाजतील. असा वर्षभर पुरणारा विषय कुठल्या संचात मिळतो?

बुध्यांच्या अंगावरचे ठिपके मुलांना फार आवडतात. तांदळाचं पीठ पाण्यात कालवा आणि एक काळा, सपाट दगड किंवा जुनी पाटी मुलापुढे ठेवा. ठिपका बोटानं उमटतो, रेघ काडीनं. आधी मनसोक्त करू द्या. मग तुम्ही शेजारच्या दगडावर एक ठिपका, एक रेघ, एक ठिपका, एक रेघ अशी ओळ काढा आणि थांबा. पुढे काय येणार हे मूल ओळखतं आणि काढतं. आधीच्यावरून पुढचं ओळखायचं ही सवय वाचायला लागल्यावरही कामी येते. शिवाय बोटांना वळण लागतं. पेन्सिल धरायला लावण्याची घाई करणाऱ्या पालकांना मी कळकळीनं सांगते, की बोटं, मनगट, खांदा आधी असे तयार होऊ द्या. अक्षर नंतर आपसूक चांगलं येतं.

आता टोप. खरा टोप वजनदार, तो मोठ्यांचा. मुलांसाठी पळसाची पानं घ्या. पत्रावळ टाचायची बारीक काडी असते तीच घ्या.

काठीच्या एका अंगणात मी चारेक वर्षांची मुलगी पाहिली. आजी द्रोण लावत बसली होती आणि ही शेजारी टोप करत होती. पान पानावर ठेवून तिनं काडी खुपसली, पान टर्रकन फाटलं. दुसरं घेतलं, तेही फाटलं. तिनं आजीकडे पाहिलं. आजीनं टाचून दिलं नाही. तिनं मुलीच्या हातातलं पान फक्त थोडं फिरवलं, म्हणजे काडी शिरेच्या पलीकडून येईल असं, आणि आपल्या द्रोणाकडे वळली. या वेळी काडी शिरेला अडून बसली आणि पान टिकलं. त्यानंतर त्या मुलीनं प्रत्येक पान आधी उलटं करून, बोटानं शीर चाचपून मगच काडी घातली. टोप वाकडातिकडा झाला, एका बाजूला घसरत होता, पण सगळा तिचा होता. ते फिरवलेलं पान म्हणजे शिकवणं. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला ते जमण्यासारखं आहे. त्यासाठी शाळा शिकलेली असावी लागत नाही.

सुंदर दिसावं म्हणून मुलाची वस्तू आपण दुरुस्त करायला जातो, तो मोह आवरावा. आणि टोपाला मोरपीस हवंच असेल तर रानात गळून पडलेलं तेवढंच घ्यावं.

पळसाला या दिवसांत फुलंही आलेली असतात. ती मुलांबरोबर वेचा. काही रात्रभर पाण्यात भिजवा, काही आईनं पाण्यात उकळावीत. कुठलं पाणी जास्त रंगलं ते मुलाला पाहू द्या. मग मोठ्यांनी, लक्षात घ्या, मोठ्यांनीच, एका वाटीत चिमूटभर चुना टाकावा. पिवळं पाणी बघता बघता गडद केशरी होतं. मुलं श्वास रोखून पाहतात आणि ‘पुन्हा कर’ म्हणतात. पुन्हा करा. त्या पाण्यात चिंधी बुडवा, दोरीवर वाळत घाला, आणि सकाळी रंग फिका झाला का, हे मुलालाच विचारा.

भाषेची गोष्ट थोडी थांबून सांगते. काठीच्या घरांत भिली बोलली जाते. अंगणवाडीत आणि पुढे शाळेत मराठी असते. पुष्कळ पालकांना वाटतं की मूल मागे पडू नये म्हणून त्याच्याशी घरातही मोडकीतोडकी मराठीच बोलावी. तसं करू नका. भोपळा, बी, शीर, ठेका हे सगळं आधी घरच्या बोलीत, भरभरून, गोष्टी सांगत, गाणी म्हणत होऊ द्या. होळीची गाणी आजीला येतात, तीच म्हणा. ज्या मुलाला एका भाषेत नीट सांगता येतं, त्याला दुसरी भाषा लवकर येते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंही सुरुवातीची वर्षं शक्यतो घरच्या भाषेतून शिकवावं असंच म्हटलं आहे. आणि ढोल आहेच. मुलाचं नाव, ओळखीचे शब्द ढोलाच्या ठेक्यावर तोडून म्हणा: पा-व-री, भो-प-ळा, घुं-ग-रू. शब्दाचे तुकडे कानाला कळले की अक्षरं ओळखणं पुढे सोपं जातं. त्यासाठी पाटी-पुस्तक उघडावंसुद्धा लागत नाही.

होळीचा आणखी एक अर्थ सातपुड्यातल्या घरांना चांगला ठाऊक आहे. दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला, मजुरीला गुजरातेत जातात आणि होळीला परत येतात. लहान मुलं त्यांच्याबरोबर जातात. त्या महिन्यांत त्यांची अंगणवाडी सुटते. ही मुलं परत येतील तेव्हा ‘याला काही येत नाही’ असं त्यांना ऐकावं लागू नये, अशी माझी ताईंना विनंती आहे. त्यांनी उसाचे ट्रक, बैलगाड्या, कोयते, तळावरच्या चुली, दुसऱ्या भाषेतली माणसं पाहिलेली असतात. त्यांना मातीची गाडी करायला सांगा. ती गाडी कशी भरतात, मोळी कशी बांधतात हे ती बाकीच्यांना दाखवतील. आणि जे आई-बाप पुढच्या वर्षी पुन्हा जातील त्यांनी एक छोटी पिशवी बरोबर न्यावी: मूठभर चिंचोके, पाच-सहा बांबूच्या कांड्या लहान-मोठ्या, एक खडू, एक चेंडू. दिवसभर राबून आल्यावर शिकवायला वेळ नसतो, हे मला कळतं. पण चूल पेटेपर्यंत कांड्या लहान-मोठ्या लावून बघायला, चिंचोके मुठीत लपवून ओळखायला पाच मिनिटं पुरतात, आणि मुलाला आई-बापाची तेवढी पाच मिनिटं हवीच असतात.

आता काळजीचं. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला बिया, मणी, घुंगरू खेळायला देऊ नका. तोंडात, नाकात जातात. मोठ्या मुलांबरोबरही समोर बसून राहा. रानात लाल-काळी गुंज मिळते, फार देखणी, पण ती चावली तर विषारी आहे. एरंडाची बी आणि धोतरा हेही तसेच. माळा करायला यातलं काही वापरू नका. चुकून मुलानं गिळलंच, तर घरगुती उपाय करत बसू नका, लगेच दवाखाना गाठा. बांबूच्या कामटीची धार आधी घासून घ्या. आणि होळीजवळ हातात हात धरून.

होळी झाली की उन्हाळा. मोलगी-काठीच्या भागात कैऱ्या उतरतात आणि दारोदारी आमचूर वाळत पडतो. तोच पुढचा विषय घ्या. कैरीची एक ओली फोड आणि कालची वाळलेली फोड मुलाच्या दोन तळहातांवर ठेवा. जड कुठली? मऊ कुठली? रोज एक फोड बाजूला काढून ओळीनं मांडत गेलं, तर आठवडाभरात पाणी कसं उडून गेलं ते मुलाला रंगावरून, आक्रसण्यावरून स्वतःच दिसतं. कोया मात्र फेकू नका, एका कोपऱ्यात मातीत टाकून ठेवा. पावसात त्यांना कोंब येतील. अशी कोय उपटून, तिचं टोक दगडावर घासून पिपाणी करता येते. ती कशी वाजवायची हे तुमच्या घरातल्या आजोबांना विचारा. त्यांना नक्की येत असेल.