जे घडले नाही, त्याचे मोल



१ जानेवारी २००० ची सकाळ नेहमीसारखीच उजाडली. विमाने कोसळली नाहीत, बँकांतील ठेवी नाहीशा झाल्या नाहीत. मग ‘वायटूके’चा बागुलबुवा उभा करून संगणकवाल्यांनी जगाला लुबाडले, असा आरोप झाला. तो तपासून पाहण्याजोगा आहे.

मुळात दोष खरा होता. संगणकाची स्मृती महाग असताना वर्षाचे शेवटचे दोनच अंक नोंदवण्याची रीत पडली. १९६५ साली जन्मलेल्या माणसाचे वय ‘००’ मधून ‘६५’ वजा करून काढले, तर पस्तीसऐवजी उणे पासष्ट येणार! व्याज, विमा, निवृत्तिवेतन, सर्वत्र हीच वजाबाकी होती. कोबोल भाषेतल्या जुन्या आज्ञावली ओळीओळीने तपासण्याचे ते कंटाळवाणे काम हजारो भारतीय तरुणांनी केले. त्यांत मराठी मुलेमुलीही होती. घड्याळे मुद्दाम पुढे सरकवून चाचण्या घेतल्या गेल्या आणि त्यांत सापडलेले दोष वेळीच दुरुस्त झाले.

जेथे नजर चुकली, तेथे काय झाले, हेही नोंदले गेले आहे. इंग्लंडमधील शेफील्ड येथे गर्भवतींच्या तपासणीत संगणकाने मातांचे वय चुकीचे धरले आणि दीडशेहून अधिक स्त्रियांना डाउन सिंड्रोमच्या जोखमीचे चुकीचे निष्कर्ष कळवले गेले. चूक दोन अंकांची होती. तिचा भार मात्र त्या कुटुंबांनी वाहिला.

आक्षेपकांचा एक मुद्दा मात्र वजनदार आहे. इटली, रशिया यांसारख्या देशांनी तुलनेने अल्प तयारी केली, तरी तेथेही अनर्थ झाला नाही. तेथील व्यवहार संगणकावर कमी विसंबून होते आणि दुरुस्त झालेल्या आज्ञावली बाहेरून आयत्या मिळत होत्या, हे खरे. तरीही काही ठिकाणी भीतीपोटी अवास्तव खर्च झाला, हे मान्य करावेच लागते. पण खर्च अधिक झाला म्हणून काम निरर्थक ठरत नाही.

पावसाळ्यापूर्वी शाकारणी केलेले छप्पर गळले नाही, म्हणजे शाकारणी व्यर्थ गेली असे कोणी म्हणत नाही. कारण फुटकी कौले डोळ्यांनी दिसलेली असतात. संगणकातली फुटकी कौले मात्र ती बदलणाऱ्यालाच दिसतात. म्हणून प्रतिबंधक कामाचा हिशेब टळलेल्या संकटावरून नव्हे, तर सापडलेल्या दोषांवरून मांडावा आणि त्यांची नोंद लिहून ठेवावी. अशी नोंद नसली, की राबणारा लबाड ठरतो आणि पुढचा इशारा कोणी ऐकत नाही.

तो पुढचा इशारा आजच समोर आहे. १९७० च्या प्रारंभापासून सेकंद मोजणाऱ्या ३२ बिटांच्या जुन्या प्रणालींची मोजणी १९ जानेवारी २०३८ रोजी संपेल. त्या दिवशीही काहीच घडू नये, यासाठी कोणीतरी आताच कामाला लागलेले असले पाहिजे.