गावच्या शाळेनंतरची शाळा
(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार हा आपल्या मेळाव्याचा नित्याचा कार्यक्रम आहे, आणि तो योग्यच आहे. परंतु जी मुले या व्यासपीठापर्यंत पोचलीच नाहीत, त्यांची वाट नेमकी कोठे चुकली हे पाहू लागलो, म्हणजे आम्हांस बहुधा एकाच जागी येऊन थांबावे लागते. गावची शाळा संपते आणि बाहेरगावची सुरू होते, ती ही जागा. आपल्या वर्धा जिल्ह्यातील वडीलधारी मंडळी त्या पुढच्या शाळेस अजूनही ‘मिडल’ म्हणतात. मध्यप्रांताचे राज्य गेले, शब्द मात्र राहिला. आणि शब्दाबरोबर ती अडचणही राहिली.

विशेष हे की, ही अडचण दूर करण्याचा विचार आपल्या वर्ध्यातच झाला होता. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 रोजी महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली येथे शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने त्याच वर्षी योजना तयार केली. ‘वर्धा योजना’ म्हटले की लोकांस टकळी आणि चरखा तेवढा आठवतो. परंतु त्या योजनेत सातव्या वर्षापासून चौदाव्या वर्षापर्यंत सात वर्षांचा एकच अखंड अभ्यासक्रम होता. चौथीशी शिक्षण तोडून पुढचे दार वेगळे लावण्याची कल्पना तिला मान्य नव्हती. चरख्याविषयी मतभेद असू शकतील. या अखंडतेविषयी ते असण्याचे कारण आम्हांस दिसत नाही.

आज काय आहे? 2009 चा बालकांच्या शिक्षणाच्या हक्काचा कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. पहिली ते आठवी हे शिक्षण त्याने एक मानले, तरी पाचवीपर्यंतचा आणि सहावीपुढचा असे दोन भाग राहिलेच. आपल्याकडे तर काही गावांची शाळा चौथीस संपते, काहींची पाचवीस, काहींची सातवीस; आणि हायस्कुले बहुधा पाचवीपासून मुले घेतात. त्यामुळे कोणत्या वर्षी हलायचे हेच पुष्कळ घरी ठरलेले नसते. सहावीपासून काम वाढते, तेही निराळेच. पाचवीपर्यंत वर्षाला 200 दिवस व 800 तास शाळा, सहावीपासून 220 दिवस व 1000 तास. गावी एकच गुरुजी किंवा बाई सर्व विषय शिकवीत. पुढे गणिताचे निराळे, भाषेचे निराळे. गावच्या बाईंस मूल आज मुकाट का बसले आहे हे त्याच्या तोंडाकडे पाहून कळत असे. नव्या शाळेत तासाला शिक्षक बदलतात, आणि कोणा एकाच्या लक्षात ते मूल येईपर्यंत दिवाळीची सुट्टी लागते. घरी वऱ्हाडी बोलणारे मूल शहरातल्या वर्गात दोनदा हसले गेले, की तिसऱ्यांदा प्रश्न विचारीत नाही. मग घरचे म्हणतात, “अभ्यासात याचे डोके नाही.”

आता आपल्या स्वतःच्या घरांकडे वळू. विदर्भातील शाळा उन्हाळ्यामुळे जूनच्या अखेरीस उघडतात. तो काळ कोणता? मृगाचा पाऊस पडून गेलेला, कपाशी, तूर, सोयाबीन यांची पेरणी चाललेली, बियाणे-खतात पैसा गुंतलेला, दुबार पेरणीची धास्ती मनात. अशा आठवड्यात पोराच्या दाखल्याचा विचार व्हावयाचा! शेजाऱ्याने ज्या शाळेत घातले तेथेच आपणही घालतो. किंवा दारात गाडी येते आणि गळ्याला टाय आहे एवढे पाहून शुल्क कबूल करतो, आणि पुढील वर्षी ते पेलले नाही म्हणजे मुलास काढून आणतो. हे दुसरे स्थलांतर पहिल्याहून वाईट.

आमचे म्हणणे असे की, हा निर्णय संक्रांत ते गुढीपाडवा या काळात व्हावा. तेव्हा कापूस बराचसा घरात आलेला अगर विकलेला असतो, वेचणीची घाई ओसरलेली असते, आणि शाळाही चालू असतात, म्हणजे त्या प्रत्यक्ष पाहता येतात. 2023-24 पासून पाचवीच्या अखेरीस वार्षिक परीक्षा सुरू झाली आहे. तीत आणि पुनर्परीक्षेत उत्तीर्ण न झालेले मूल त्याच वर्गात राहते. तेव्हा मुलास वाचता येते की नाही हे निकालाच्या दिवशी नव्हे, जानेवारीतच गुरुजींस विचारले पाहिजे. सेलूकाटे येथील नवोदय विद्यालयाची परीक्षाही पाचवीत असतानाच द्यावी लागते. ती अवश्य द्यावी. परंतु तेथे जागा थोड्या असतात, म्हणून नवोदयाची आशा आणि पुढील शाळेची व्यवस्था या दोन्ही गोष्टी बरोबरच चालाव्यात.

मुलींविषयी आम्ही अधिक स्पष्ट बोलणार आहोत. मुलगा सायकलीने तीन कोस जाईल असे आपण धरून चालतो. मुलीच्या बाबतीत मात्र “रस्ता बरा नाही” हे वाक्य तयार असते. रस्ता कधी कधी खरोखरच बरा नसतो. पण त्यावर घरी बसविणे हा उपाय नव्हे. एका गावच्या चार मुलींनी एकाच शाळेत एकाच गाडीने जावे, हा उपाय आहे. अहिल्याबाई होळकर योजनेखाली पाचवीपासून पुढच्या ग्रामीण विद्यार्थिनींस एस.टी.चा मोफत पास मिळतो. शाळेच्या वेळेस गाडी नसेल तर चार पालकांचा अर्ज आगारप्रमुखांकडे गेला म्हणजे त्यास वजन येते. एकट्याचा अर्ज टेबलावर पडून राहतो.

शाळांकडेही आमचे एक मागणे आहे. आज एका शाळेतून दुसरीत जातो तो केवळ दाखला. त्यावर जन्मतारीख असते, जात असते. मूल मात्र नसते. गावच्या शिक्षकांनी दाखल्याबरोबर एक पानभर मजकूर द्यावा: वाचन कसे आहे, भागाकार येतो का, फळा दिसतो का, घरी कोण शिकलेले आहे. नव्या मुख्याध्यापकांनी तो वर्गशिक्षकांस वाचावयास द्यावा, आणि एप्रिलमध्ये एक दिवस ही मुले बोलावून वर्ग, पाण्याची जागा व मुलींचे शौचालय दाखवावे. यास पैसा लागत नाही. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया. हा विषय तेथे मांडण्यास कोणाची परवानगी नको. कोणी दाखला अडवून धरला, तर कायदा आपल्या बाजूस आहे हे ध्यानात ठेवा: ज्या शाळेत पुढचे वर्ग नाहीत तेथील मुलास सरकारी वा अनुदानित शाळेत जाण्याचा हक्क आहे, आणि दाखल्यास उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही.

यंदाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवास ज्या भगिनी येतील, त्यांनी घरातील चौथी-पाचवीच्या मुलामुलींची नावे, गाव आणि सध्याची शाळा एका चिठ्ठीवर लिहून आणावीत. वर्धा, देवळी, सेलू, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट आणि समुद्रपूर अशा आठही तालुक्यांच्या याद्या निराळ्या होतील. ज्या गावाची दोन किंवा अधिक नावे निघतील, तेथील पालकांस फेब्रुवारीत एकत्र नेऊन जवळच्या शाळा दाखविण्याचे काम तालुका कार्यकर्त्यांनी अंगावर घ्यावे. जाण्यायेण्याचे भाडे ज्याचे त्याने द्यावयाचे आहे.