संस्थेची रचना आणि तिचें मोल

उद्योगसंस्थेची अंतर्गत रचना नीट आंखली म्हणजे लाभ होतो, हें सर्वमान्य आहे. परंतु तो लाभ मोजावा कसा? अमेरिकेंतील ईरी रेल्वेचा इतिहास या बाबतींत उद्बोधक आहे.

१८५४ सालीं डॅनिएल मॅक्कलम हे या रेल्वेचे मुख्य व्यवस्थापक झाले. पन्नास मैलांच्या रेल्वेवर अधिकारी जातीनें देखरेख ठेवूं शके. पांचशें मैलांवर तें अशक्य होतें. लांब मार्गावर मैलामागें खर्च कमी यावयास हवा, तो उलट अधिक येई. हा दोष अंतराचा नसून व्यवस्थेचा आहे, असें मॅक्कलम यांनीं प्रतिपादिलें. १८५५ मध्यें त्यांनीं वृक्षाच्या आकाराचा संस्थेचा नकाशा सिद्ध करविला. मुळाशीं अध्यक्ष व संचालक, फांद्यांवर निरनिराळे विभाग! प्रत्येकानें आपल्या निकटच्या वरिष्ठासच जबाबदार राहावें, हा नियम ठरला. गाड्यांची खबर तारेनें तासातासाला येऊं लागली.

पण जमाखर्चाची दुसरी बाजूहि आहे. कडक नियमांविरुद्ध इंजिनचालकांनीं १८५४ व १८५६ सालीं संप केले, आणि १८५७ मध्यें मॅक्कलम यांनीं पद सोडलें.

म्हणून रचनेची परीक्षा नकाशाच्या रेखीवपणावरून करूं नये. चूक झाल्यास उत्तरदायी कोण, तिची वार्ता वर किती लवकर पोंचते, आणि कामाच्या प्रत्येक एककामागें खर्च किती घटला, हें पाहावें. शिवाय, जे ती रचना रोज अंगावर वागवितात, त्यांना ती न्याय्य वाटते काय, हेंहि विचारावें. हा शेवटचा प्रश्न वगळला, तर हिशेब अपुराच राहतो.