मुदत कोणाला?

(तळवडे येथे कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



तळवडे १९९७ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आले. शेतांच्या जागी वर्कशॉप, कारखाने आणि भाड्याच्या खोल्या उभ्या राहिल्या. ह्या खोल्यांतील कष्टकऱ्यांच्या मुलांच्या प्राथमिक शिक्षणाची जबाबदारी कायद्याने महानगरपालिकेवर आहे. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना शाळेत प्रवेश मिळेल हे पाहणे, हे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम ९ नुसार तिचे कर्तव्य आहे; मेहेरबानी नव्हे.

हे कर्तव्य चुकले तर दाद किती दिवसांत मागायची? १९९३ च्या कायद्यानुसार घटनेला एक वर्ष उलटले की मानवी हक्क आयोगाला चौकशी करता येत नाही. १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४८७ खाली पालिकेच्या कृत्याविरुद्ध दावा लावायचा तर आधी एक महिन्याची नोटीस आणि दावा सहा महिन्यांच्या आत! २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात पहिल्या अपिलाला तीस दिवस. सबळ कारण असल्यास फार तर नव्वद. इंग्लंडमध्येही २००६ च्या नियमांनी बालसेवांविषयीच्या तक्रारींना एक वर्षाची मर्यादा घातली. मात्र उशिरा आलेली तक्रार ऐकण्याची मुभा तेथे ठेवलेली आहे.

मुदतीच्या समर्थनार्थ सांगितले जाते की, साक्षीदार विसरतात, कागद गहाळ होतात, अधिकारी बदलून जातात. यात तथ्य नाही असे नाही. परंतु कागद सांभाळण्याचे काम कार्यालयाचे आहे, मुलाचे नव्हे. आठ वर्षांच्या मुलाला आपला हक्क डावलला गेला हे कळतही नाही. आई पाळीवर, बाप ठेकेदाराकडे. दिवस बुडवला तर मजुरी बुडते. शिवाय तक्रार केली तर उद्या त्याच शाळेत मुलाला बसायचे असते, ही धास्ती निराळीच. अशा घराला उशिराबद्दल दंड करणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी देणे होय.

शिक्षणहक्क कायद्याच्या कलम ३२ ने मात्र योग्य दिशा धरली आहे. तेथे तक्रारदारावर मुदत नाही. निर्णयाची तीन महिन्यांची मुदत आहे ती स्थानिक प्राधिकरणावर. तथापि यात दोन उणिवा आहेत. एक, तक्रार पालिकेच्या शाळेविरुद्ध असली तरी निर्णय पालिकेनेच द्यायचा. दुसरी अधिक गंभीर. राज्य बालहक्क आयोगाकडे अपील करता येते ते निर्णयाविरुद्ध. निर्णयच दिला नाही तर काय, हे कलम सांगत नाही. जूनमधील तक्रार सप्टेंबरातही पडून राहिली तर मुलाचे निम्मे वर्ष वाया जाते आणि कार्यालयाचे काहीच जात नाही.

यावर उपाय २००५ च्या माहिती अधिकार कायद्यातच सापडतो. तेथे तीस दिवसांत उत्तर न आल्यास माहिती नाकारली असे मानले जाते आणि अपिलाचा मार्ग मोकळा होतो. कागदासाठी जी सोय आहे ती मुलासाठी का नसावी? तीन महिन्यांचे मौन म्हणजे नकार असे मानून अपील दाखल झालेच पाहिजे, ही कायद्यातील दुरुस्ती आता मागितली पाहिजे.

तोपर्यंत कार्यकर्त्यांचे काम साधे, पण चिकाटीचे आहे. तोंडी तक्रारीवर विसंबू नये. लेखी अर्ज करून तारखेसह पोच घ्यावी, तीन महिने मोजावेत आणि कुटुंबाने खोली बदलली तरी पाठपुरावा सोडू नये. मुदत असलीच पाहिजे. ती सत्ता ज्याच्या हाती आहे त्याला.